पाण्यातलं क्रोमियम : पुरावा कोणी द्यायचा?

(पाणी आणि आरोग्य या विषयावर कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



पाण्याच्या प्रश्नावर आपण बोलायला बसलो की पाणी किती मिळतं, किती लांबून आणावं लागतं, नळ रात्री किती वाजता येतो, यावरच बोलणं होतं. ते चूक नाही. जिच्या डोक्यावर हंडा आहे तिला आधी हंडा भरेल का याचीच काळजी. पण आज मला हंडा भरल्यानंतरचं बोलायचं आहे. पाणी स्वच्छ दिसतं, वास येत नाही, चवही बरी आहे, आणि तरीही त्यात असं काही आहे की जे असायला नको. ते आपल्याला कळणार कसं? आणि कळलं, तर ते सिद्ध करण्याचं काम कोणाचं? यासाठी मी क्रोमियम हा एकच धातू घेतला आहे. पाण्यात मिसळणारे विषारी पदार्थ पुष्कळ आहेत. पण पुराव्याचं ओझं कोणाच्या माथ्यावर टाकलं जातं हे या एका धातूच्या गोष्टीत फार स्पष्ट दिसतं.

२८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम या नावानं तो ओळखला जातो. तमिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यात वेल्लोर, राणीपेट, आंबूर या पट्ट्यात चामडं कमावणारे शेकडो कारखाने. त्यांचं सांडपाणी शेतात, ओढ्यात, नदीत. त्याविरुद्ध १९९१ साली याचिका झाली होती. निकालात आकडे आहेत. सुमारे ३५,००० हेक्टर जमीन पूर्ण किंवा काही अंशी नापीक झाली. दिंडिगल भागातल्या १३ गावांच्या पाहणीत ४६७ विहिरींपैकी ३५० विहिरी बिघडलेल्या निघाल्या. आणि या सगळ्यात मध्येच एक छोटंसं वाक्य येतं, की बायका आणि मुलांना पिण्याच्या पाण्यासाठी मैलोनमैल चालावं लागतं.

बस, एवढंच. हेक्टर मोजले, विहिरी मोजल्या, बायकांचे मैल कोणी मोजले नाहीत. मी न्यायालयाला दोष देत नाही. उलट हा निकाल आपल्या फार कामाचा आहे, त्याकडे मी येणारच आहे. पण जमिनीचं नुकसान कागदावर मांडता येतं, कारण जमिनीला मालक असतो, सर्व्हे नंबर असतो. विहीर नासली म्हणून रोज तीन खेपा जास्त घालणाऱ्या बाईचं नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचं?

आता थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, स्वयंपाकघरातूनच सुरू करू. आपली स्टीलची भांडी, त्यात क्रोमियम असतं. त्यामुळेच ती गंजत नाहीत. ते धातूत बांधलेलं असतं, तेव्हा घरी जाऊन भांडी फेकू नका! नळाच्या चकचकीत तोटीवर, सायकलच्या हँडलवर जो मुलामा असतो तोही क्रोमचा. हा मुलामा चढवण्याचं काम गल्लीबोळातल्या लहान वर्कशॉपमध्ये चालतं, आणि तिथल्या टाकीतलं पाणी शेवटी कुठं जातं हा प्रश्न आपल्या शहरांतही विचारण्यासारखा आहे.

पाण्यात क्रोमियम मुख्यतः दोन रूपांत सापडतं. एक त्रिसंयुजी, म्हणजे क्रोमियम तीन. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीला चिकटून बसतं, आणि त्याचा धोका बराच कमी. दुसरं षट्संयुजी, क्रोमियम सहा. ते पाण्यात सहज विरघळतं, पाण्याबरोबर जमिनीखालून लांबवर जातं, आणि शरीरातल्या पेशींमध्ये शिरतं. नाव एकच, पण स्वभाव दोन. कंपन्यांनी या एकाच नावाचा फायदा भरपूर घेतलेला आहे. “क्रोमियम तर शरीराला लागतंच की,” असं लोकांना सांगायचं, आणि ते कोणतं क्रोमियम हे सांगायचं नाही.

चामड्याच्या कारखान्यात वापरतात ते बहुतांशी क्रोमियम तीन. त्यांच्या सांडपाण्यानं विहिरी बिघडतात त्यात मिठाचा, क्षारांचा वाटा खूप मोठा असतो, हेही सांगायला हवं. सगळं क्रोमियमच्या माथी मारून चालणार नाही. पण चामड्याला लागणारं ते क्रोमचं मीठ बनवण्यासाठी आधी डायक्रोमेट बनवावं लागतं, आणि ते असतं क्रोमियम सहा. राणीपेटला तमिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स नावाचा कारखाना होता. तो सुमारे वीस वर्षं चालला आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर बंद पडला. मागे काय राहिलं? दीड लाख टनांहून जास्त घातक कचऱ्याचा ढीग, उघड्यावर. पाऊस पडला की त्यातलं क्रोमियम जमिनीत मुरतं. २००६ साली जगातल्या अतिप्रदूषित ठिकाणांची जी यादी ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटनं प्रसिद्ध केली तीत राणीपेटचं नाव होतं. उत्तर प्रदेशात कानपूरजवळ रनियाला हीच गोष्ट. तिथं १९७६पासूनचे ढीग पडून होते आणि त्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१९ साली कठोर आदेश द्यावे लागले. कारखाना बंद होतो, मालक निघून जातो, कामगारांची रोजी बुडते, आणि ढीग तिथंच राहतो. ढिगाशेजारी राहणारी बाई त्याच जमिनीतलं पाणी हापशानं उपसत असते.

इथं कोणी म्हणेल, चामडं कमवायला क्रोम लागतंच ना? नाही लागत. आपली कोल्हापुरी चप्पल घ्या. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावण्याची रीत आहे. त्याला दिवसच्या दिवस लागतात. क्रोमनं काम फार लवकर होतं, चामडं मऊ राहतं, निर्यातीचा माल झटपट तयार होतो. हा वाचवलेला वेळ कोणाच्या खिशात गेला आणि त्याची किंमत कोणी दिली, हा हिशेब आहे. शिवाय हा धंदा ज्यांच्या अंगावर जातीनं लादला गेला, त्यांच्याच वस्त्या त्या सांडपाण्याच्या काठावर असतात. म्हणून “कारखाने बंद करा” ही घोषणा मला पुरेशी वाटत नाही. तिथं काम करणाऱ्या बाईला आपण मजुरी आणि पाणी यांतलं एक निवड असं सांगू शकत नाही.

आता जरा लांब जाऊ या. योगायोग असा, की १९९६ सालीच अमेरिकेतही क्रोमियमचा एक मोठा दावा निकाली निघाला. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात हिंकली नावाचं लहानसं गाव. तुमच्यापैकी काहींनी ‘एरिन ब्रॉकोविच’ हा २०००चा सिनेमा पाहिला असेल, तीच ही गोष्ट. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीची नैसर्गिक वायूची मोठी पाइपलाइन तिथून जाते. वायूला पुढं ढकलण्यासाठी दाब वाढवणारं केंद्र त्या गावात. यंत्रं थंड करणाऱ्या पाण्याच्या मनोऱ्यांना गंज चढू नये म्हणून पाण्यात क्रोमियम सहा घालत. १९५२ ते १९६६ या काळात ते वापरलेलं पाणी जवळच्या तळ्यांत सोडून दिलं. तळ्यांना तळाशी अस्तर नव्हतं. सुमारे १४० कोटी लिटर पाणी असं वाळूत जिरलं आणि भूजलात गेलं. लोक पीत होते विहिरींचं पाणी.

कंपनीनं हे सरकारला कळवलं ते डिसेंबर १९८७मध्ये. त्या वेळच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त क्रोमियम तपासणीत सापडलं होतं. त्यानंतर कंपनी गावातली घरं विकत घ्यायला लागली. एका वकिलाच्या कचेरीत फायली लावण्याचं काम करणारी, तीन मुलांची आई असलेली एरिन ब्रॉकोविच. कायद्याची पदवी नाही. घराच्या व्यवहाराच्या फायलीत तिला रक्ताच्या तपासण्यांचे कागद सापडले, आणि तिनं विचारलं, घराच्या खरेदीत रक्ताचे रिपोर्ट कशाला? एवढा साधा प्रश्न. मला वाटतं, तो प्रश्न पडायला पदवी नसणं उपयोगीच पडलं असावं. मग ती घरोघर गेली, बायकांच्या स्वयंपाकघरात बसली, आजारपणं लिहून घेतली. आपण वस्तीत सर्वेक्षण करतो तेच. सिनेमात एक नायिका लागते म्हणून सगळं तिच्या एकटीच्या नावावर गेलं. पण तोंड उघडून आपल्या गर्भपातांविषयी, नाकातून येणाऱ्या रक्ताविषयी परक्या बाईला सांगणाऱ्या गावातल्या बायका नसत्या तर फायलीतून काही निघालं नसतं.

सुमारे ६५० फिर्यादी आणि ३३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड. त्या वेळी अशा प्रकारच्या दाव्यातली सर्वांत मोठी रक्कम म्हणून तिची चर्चा झाली. मात्र दोन गोष्टी सिनेमात कळत नाहीत. एक, हा मामला लवादापुढं, बंद दाराआड चालला. भरपाई मिळाली, मोठा वाटा वकिलांच्या फीमध्ये गेला, पण पाण्यातल्या क्रोमियमनं हे आजार झाले असं कोणत्याही न्यायालयानं जाहीरपणे म्हटलं नाही. दुसरी, प्रदूषण पसरतच राहिलं. २०१०नंतर कंपनीला पुन्हा घरं विकत घ्यावी लागली, २०१३मध्ये गावातली शाळा बंद झाली, आणि गाव जवळजवळ ओस पडलं. म्हणजे सिनेमा जिथं संपतो तिथून पुढं हिंकली हळूहळू नाहीसं झालं.

आणखी एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण उद्या कोणी अधिकारी ती तुमच्या तोंडावर टाकेल. कॅलिफोर्नियाच्या कर्करोग नोंदणीत १९९६ ते २००८ या वर्षांत त्या भागात २२४ रुग्ण अपेक्षित होते, आणि नोंदले गेले १९६. म्हणजे जास्त नाहीत. “बघा, काहीच नव्हतं!” असं लगेच म्हटलं गेलं. पण नीट विचार करा. क्रोमियम सोडलं १९५२ ते १९६६मध्ये, आणि मोजणी १९९६पासून पुढची. मधल्या काळात गाव सोडून गेलेल्यांची गणती त्यात नाही. आधी मेलेल्यांची नाही. लोकवस्ती मुळात थोडी, त्यातही सगळ्यांचं पाणी सारखं दूषित नव्हतं. आणि कर्करोग सोडून बाकीचे आजार? ते तर मोजायला घेतलेच नव्हते. अशा मोजणीत काही सापडलं नाही याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही. झालंच असंही तिच्यातून सिद्ध होत नाही. हेच तर दुखणं आहे. लहान वस्तीच्या बायकांना संख्याशास्त्र कधीच साथ देत नाही, आणि पुरावा मात्र त्यांच्याकडंच मागतात.

पुरावा कसा हाताळला जातो याचा एक नमुना चीनमधला. ल्याओनिंग प्रांतात चिनचौ शहराजवळ क्रोमच्या कारखान्यामुळं काही गावांच्या विहिरींचं पाणी १९६०च्या दशकात पिवळं झालं. तिथले डॉक्टर चांग यांनी त्या गावांचा अभ्यास करून १९८७मध्ये लिहिलं, की तिथं पोटाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त आहेत. दहा वर्षांनी, १९९७ साली, त्याच डॉक्टरांच्या नावानं अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात नवा लेख आला, आणि त्यात निष्कर्ष उलटा! पुढं उघड झालं, की या लेखात हिंकलीवाल्या कंपनीसाठी काम करणाऱ्या सल्लागार संस्थेचा हात होता आणि लेखात तो सांगितलेला नव्हता. २००६ साली नियतकालिकानं तो लेख मागे घेतला. पण मधल्या नऊ वर्षांत त्याचा जो उपयोग व्हायचा तो होऊन गेला होता.

मग आज विज्ञान काय सांगतं? क्रोमियम सहा श्वासावाटे गेलं तर फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेनं १९९०मध्येच मान्य केलं. पिण्यातून गेलं तर पोटातल्या आम्लात त्याचं क्रोमियम तीन होतं, मग धोका कसला, असं बराच काळ म्हणत. ते काही अंशी खरंच आहे. पण सगळं बदलत नाही. २००८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमानं दोन वर्षांच्या प्रयोगाचे निष्कर्ष दिले. पिण्याच्या पाण्यातून क्रोमियम सहा दिलेल्या उंदरांना लहान आतड्याचे, आणि मोठ्या जातीच्या उंदरांना तोंडातले कर्करोग झाले. मात्रा मोठ्या होत्या, पण निष्कर्ष स्पष्ट होता. २०२४मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं म्हटलं, की पिण्यातूनही ते माणसांना कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे. ज्यांच्या पोटात आम्ल कमी, म्हणजे तान्ही मुलं किंवा पित्ताच्या गोळ्या कायम घेणारी माणसं, त्यांना धोका जास्त. आपल्यात उपासतापास आणि वेळीअवेळी जेवण यांनी पित्तानं हैराण झालेल्या आणि त्यावर रोज गोळी घेणाऱ्या बायका किती आहेत ते तुम्हीच सांगा.

मर्यादा किती ठेवायची यावर तर तीन तऱ्हा. भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२चं. त्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. अमेरिकेत देशपातळीवर एकूण क्रोमियमला १०० मायक्रोग्रॅम चालतं. कॅलिफोर्नियानं मात्र क्रोमियम सहासाठी वेगळी मर्यादा ठरवली, १० मायक्रोग्रॅम. ती ठरवा असं तिथल्या विधिमंडळानं सांगितलं २००१मध्ये, ती आली २०१४मध्ये. खर्च परवडेल का याचा विचार झाला नाही म्हणून उद्योगवाले न्यायालयात गेले आणि २०१७मध्ये ती रद्द झाली, मग २०२४मध्ये पुन्हा लागू झाली. तेवीस वर्षं! आणि आपल्या मानकात क्रोमियम सहाचा वेगळा आकडाच नाही, दोन्ही एकाच खात्यात.

५० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यापुढं आणा. त्या अख्ख्या टाकीत ५० मिलिग्रॅम, चिमटीभर मिठाहूनही कितीतरी कमी. एवढ्यानं पाण्याला रंग येत नाही, चव येत नाही. पाणी पिवळं दिसायला लागतं तेव्हा ते मर्यादेच्या कितीतरी पट पुढं गेलेलं असतं. म्हणजे शतकानुशतकं बायकांनी पाणी ओळखण्याचं जे ज्ञान जमवलं, गढूळ की नितळ, मचूळ की गोड, ते इथं कामाला येत नाही.

आणि आपल्याला जे सल्ले मिळतात तेही कामाचे नाहीत. पाणी उकळून प्या. उकळल्यानं जंतू मरतात, धातू जात नाही. उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात तो थोडा जास्तच दाट होतो. तुरटी फिरवून क्रोमियम सहा निघत नाही. फडक्यातून गाळून नाही, मेणबत्तीच्या फिल्टरमधून नाही. आरओ यंत्रानं बरंच निघतं, पण यंत्राची किंमत, देखभाल, आणि वाया जाणारं पाणी कोणाला परवडतं? माझा आणखीही एक आक्षेप आहे. ज्या घरात आरओ आलं त्या घरची बाई पाण्याच्या मोर्चाला येईनाशी होते. सार्वजनिक प्रश्न ओट्यावरच्या डब्यात बंद होतो. नगरपालिकेच्या पातळीवर हे काम होऊ शकतं. लोहाचा क्षार घालून क्रोमियम सहाचं तीन करायचं आणि गाळून टाकायचं, किंवा आयन अदलाबदलीची पद्धत वापरायची. तंत्र माहीत आहे. एक लक्षात ठेवा, क्लोरीन घातल्यानं काम होत नाही. क्लोरीन तर क्रोमियम तीनचं पुन्हा सहा करू शकतं.

आता वेल्लोरच्या निकालाकडं परत येते. त्यानं दोन तत्त्वं आपल्या देशाच्या कायद्यात आणली. प्रदूषण करणाऱ्यानं किंमत मोजायची, हे एक. आणि धोक्याची शक्यता असेल तर पूर्ण वैज्ञानिक खात्री होईपर्यंत थांबायचं नाही, हे दुसरं. त्याला जोडूनच न्यायालयानं म्हटलं, की आपल्या कामानं पर्यावरणाला अपाय होत नाही हे उद्योजकानं सिद्ध करायचं. म्हणजे ओझं दुसऱ्या खांद्यावर! स्वच्छ पाणी हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे १९९१च्या सुभाषकुमार खटल्यातच मान्य झालेलं होतं. हिंकलीच्या बायकांना पैसे मिळाले, हे तत्त्व मिळालं नाही. आपल्याला तत्त्व मिळालं. पाणी? २०२५च्या जानेवारीत त्याच वेल्लोरच्या चामड्याच्या प्रदूषणावर सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले, यावरून काय ते समजा.

म्हणून जिल्ह्याच्या कचेरीत कोणी साहेब “बाई, तुमच्याकडं पुरावा काय?” असं म्हणाले, तर गप्प बसायचं नाही. पाणी सुरक्षित आहे याचा पुरावा तुम्ही दाखवा, हे म्हणण्याचा आधार आपल्याकडं आहे.

त्यासाठी काय मागायचं ते नेमकं सांगते. २०१९मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दर गावात पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. तुमच्यातल्या काही जणी ते काम करतही असतील. काम चांगलं आहे. पण हातात दिलेल्या त्या साध्या पेटीत क्षारता, फ्लोराइड, नायट्रेट, लोह वगैरे तपासता येतं, क्रोमियम नाही. पेटीतली सगळी उत्तरं ठीक आली म्हणून गावात “पाणी चांगलं” असा फलक लागतो, आणि त्याखाली नाव असतं आपल्याच बाईचं. जवळ मुलाम्याचे कारखाने, चामड्याचं काम, रंगद्रव्यांचे कारखाने किंवा जुना कचऱ्याचा ढीग असेल तर प्रयोगशाळेकडं क्रोमियमची तपासणी वेगळी मागा. अर्जात “एकूण क्रोमियम” आणि “षट्संयुजी क्रोमियम” असे दोन्ही शब्द लिहा, नाही तर एकच आकडा येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग, यांच्याकडं आधीचे अहवाल असतील तर माहितीच्या अधिकाराखाली गेल्या पाच वर्षांचे मागा, आणि प्रत्येक नमुना कोणत्या विहिरीचा, कोणत्या तारखेचा, हेही मागा. “समाधानकारक” हा शेरा घेऊन परत येऊ नका, आकडा घ्या.

नमुना घ्यायला जातील तेव्हा आपल्यातली एक जण बरोबर असू द्या. नमुना मुख्य टाकीवरून घेऊन चालणार नाही, वस्तीतल्या शेवटच्या नळाचा आणि ढिगाजवळच्या हापशाचाही घ्यायला लावा. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. षट्संयुजीच्या तपासणीसाठी बाटली बर्फात थंड ठेवावी लागते आणि साधारणपणे २४ तासांत प्रयोगशाळेत तपासून व्हावी लागते. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी नमुना घेऊन सोमवारी पोचवतो म्हणाले तर त्यांना सोमवारीच यायला सांगा.